आधी ट्यूबलाईट बंद करा

अब्बासियातल्या एका मित्राकडे आम्ही चार कुटुंबांनी मिळून ‘कागज के फूल’ पाहिला. हॉलमधली ट्यूबलाईट चालू, जेवणाची ताटे हातात. संपल्यावर एकजण म्हणाले, ‘‘प्रिंट फारच काळपट आहे हो!’’ मला वाईट वाटले. दोष प्रिंटचा नव्हता. टीव्हीच्या पडद्यावर आमचीच ट्यूबलाईट चमकत होती.

१९५९ सालच्या या चित्रपटात छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत उजेडाचा एकच झोत सोडला आहे. बाहेरचे ऊन मोठ्या आरशांवरून परतवून त्यांनी ते आत आणले. गीता दत्तच्या आवाजातल्या गाण्यात नायक-नायिका एकमेकांपासून दूर, सावलीत उभे राहतात आणि त्यांच्या प्रतिमा मात्र झोतात जवळ येतात. आयुष्यात जे घडणार नाही ते उजेडात घडते. भोवतीचा अंधार पुसला तर प्रसंगच उरत नाही. तरीही माझी एक तक्रार आहे. झोत इतका देखणा आहे की क्षणभर माणसांना विसरून त्याच्याकडेच पाहत राहावे.

म्हणून मला २००४ सालचा ‘श्वास’ अधिक जवळचा वाटतो. दिग्दर्शक संदीप सावंत, छायाचित्रकार संजय मेमाणे. कोकणातल्या छोट्या परशाला डोळ्यांचा कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. आणि हे त्याला सांगायचे आहे आजोबांनी. दुःख दाखवायचे तर अंधार करावा, हा पडद्यावरचा जुना शिरस्ता. इथे नेमके उलट आहे. इस्पितळात लख्ख उजेड. आजोबांना चेहरा लपवायला आडोसा नाही. मधूनमधून गावच्या आठवणी येतात, त्या हिरव्यागार, उन्हाने भरलेल्या. एरवी अशी दृश्ये पाहून मन प्रसन्न व्हायचे. इथे मात्र उजेड जितका भरपूर, तितका जीव कासावीस होतो, कारण हे सारे त्या पोराला आता थोडेच दिवस दिसणार आहे. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला बाहेर हिंडवून आणतात, तेव्हा आपणही प्रत्येक गोष्ट शेवटची म्हणून पाहू लागतो.

अंधार म्हणजे दुःख आणि उजेड म्हणजे आनंद, हे गणित इतके सोपे नाही. त्या उजेडात कोण उभे आहे आणि त्याचे काय हरवणार आहे, यावर सारे ठरते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी जेवणे आधी उरकू, खिडक्यांचे पडदे ओढू आणि ट्यूबलाईट बंद करू. मूर्तींचा अंधार आणि परशाचा उजेड, दोन्ही पाहायला एवढे तरी करायलाच हवे.