दूधभात आणि वाघाची मावशी

मराठी शाळेत शिकवणाऱ्या माणसाला दरवर्षी एकदा तरी वीस-पंचवीस मांजरे तपासावी लागतात. ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय फळ्यावर लिहिला, की निम्मा वर्ग कुत्र्याकडे वळतो आणि उरलेला मांजराकडे. या मांजरांची गंमत अशी, की ती सगळी एकाच आईची लेकरे असावीत इतकी सारखी असतात. प्रत्येकीचे नाव मनी, रंग पांढराशुभ्र, डोळे घारे. ती वाघाची मावशी असते, डोळे मिटून दूध पिते आणि उंदीर मारून घरावर उपकार करते. लिहिणाऱ्या मुलाच्या घरी खरोखरच मांजर असले, तरी ते निबंधात येत नाही. घरचे मांजर काळेकबरे असते, कान फाटलेले असते, दुधाला तोंडही लावत नाही. पण लेखणी हातात घेतली की ते दाराबाहेर जाते आणि पुस्तकातली मनी आत येते.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ती जे लिहितात ते आपणच त्यांच्या हाती दिलेले आहे. आपल्या भाषेने मांजराची एक मूर्ती फार पूर्वी घडवून ठेवली आणि पुढे कोणी मूळ प्राण्याशी ती ताडून पाहिली नाही. हा केवळ वाङ्मयाचा प्रश्न असता तर मी दिवाळीच्या फराळात असला खडा टाकला नसता. पण ही मूर्ती पाहूनच आपण घरातल्या जिवंत मांजराला वागवतो, आणि त्यात त्या जिवाचे फार हाल होतात.

मूर्ती जुनी आहे. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला ‘बैडालव्रतिक’ म्हटले आहे. म्हणजे बोक्याचे व्रत घेतलेला. हितोपदेशातला दीर्घकर्ण नावाचा बोका चांद्रायण व्रताची बतावणी करून जरद्गव या म्हाताऱ्या गिधाडाचा विश्वास संपादतो, झाडावरच्या पक्ष्यांची पिल्ले फस्त करतो आणि हाडे त्या बिचाऱ्याच्या ढोलीत टाकून पसार होतो. दक्षिणेत महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावर एक मांजर एका पायावर उभे राहून तप करताना कोरलेले आहे. पायाशी उंदीर जमलेले आहेत. शिल्पकार मिस्कील खरा! पण या सर्वांना मांजरात दिसले काय? त्याचे निश्चल बसणे. शिकारी प्राणी सावजासाठी श्वास रोखून बसतो, त्यात कसले आले ढोंग? बगळाही तसाच बसतो, म्हणून त्यालाही आपण भगत केले. भूक लागलेल्या जनावराच्या एकाग्रतेवर माणसाने आपला दांभिकपणा लादला.

याला सणसणीत अपवाद महाभारतात आहे. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित उंदीर आणि लोमश बोका यांची कथा सांगतात. बोका जाळ्यात सापडला आहे. उंदरावर एका बाजूने मुंगूस आणि दुसरीकडून घुबड टपले आहे. उंदीर बोक्याच्याच कुशीत आसरा घेतो, बदल्यात जाळे कुरतडून द्यायचे कबूल करतो, आणि पारधी अगदी जवळ येईपर्यंत शेवटचा धागा तोडत नाही. सुटल्यावर बोका स्नेहाच्या गोष्टी बोलतो. उंदीर लांबूनच नमस्कार करतो. या कथेत कोणी साधू नाही, कोणी भोंदूही नाही. प्रत्येक जण आपल्या स्वभावाला धरून आहे. प्राण्यावरची कथा लिहावी ती अशी. हितोपदेशाचा कर्ता या पायरीपर्यंत पोचला नाही, असे माझे मत आहे.

आपल्या मराठी म्हणी घ्या. शिंक्याचे तुटले आणि बोक्याचे फावले. उंदराला मांजर साक्ष. मांजर डोळे मिटून दूध पिते. सगळीकडे मांजर आरोपीच्या पिंजऱ्यात. या म्हणी कोणी रचल्या हे मात्र सहज कळते. ज्याच्या घरी दूध थोडे आणि खाणारी तोंडे फार, ज्याने ते जपण्यासाठी आढ्याला शिंके टांगले, त्याने. फिर्यादीनेच निकालपत्र लिहावे तसा हा प्रकार.

डोळे मिटण्याचे म्हणाल तर मांजराला वीतभर अंतरावरची वस्तू नीट दिसतच नाही. नजर लांबच्या हालचालीसाठी घडलेली. जवळचे काम मिशा आणि नाक करतात. ताटलीत तोंड घातल्यावर डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, सारखेच. शिवाय मांजर आपल्याकडे पाहून डोळे सावकाश मिटते आणि उघडते, तेव्हा त्याचा अर्थ ‘मला कोणी पाहत नाही’ असा नसून नेमका उलटा असतो. २०२० साली इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासून पाहिले. माणसाने मांजराकडे पाहून तसेच सावकाश डोळे मिटले, तर मांजरही अधिक वेळा तसे करते आणि अनोळखी माणसाजवळही यायला राजी होते. टक लावून पाहणे ही त्याच्या जगात धमकी असते. दिवाळीला घरी पाहुणे येतील. मांजराला उचलून मिठी मारणारी मुले येतील. त्यांना आधी एवढे शिकवावे, की जमिनीवर बसा, हात पुढे करू नका, आणि डोळे मिटा.

एक म्हण मात्र ज्याने खरोखर पाहिले त्याचीच आहे: मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत. ज्या जबड्याने उंदराचा मणका मोडायचा त्याच जबड्यात मानगुटीचे कातडे धरून ती पिल्लू उचलते, आणि पिल्लूही अंग सैल सोडून लोंबकळत राहते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी यावर तत्त्वज्ञान उभारले. माकडिणीचे पोर आईला घट्ट धरते, मांजरीच्या पोराला आईच धरते. भक्ताने देवाला धरायचे की देवाने भक्ताला, असा मर्कटन्याय आणि मार्जारन्यायाचा वाद त्यांच्यात शतकानुशतके चालला. मांजराचा एवढा मान आपल्याकडे अन्यत्र क्वचितच झाला असेल. (मोठ्या मांजराला मात्र मानगूट धरून उचलू नये. त्याचे वजन पेलण्याजोगे ते कातडे नसते आणि त्याला तो अपमानच वाटतो.)

आता दूधभाताकडे येतो, कारण सारे दुखणे तिथे आहे. मराठी बालगीतांतले, गोष्टींतले, चित्रांतले मांजर दूधभात खाते. आमचे नौपाडे तर वरणभाताच्या घरांचे. येथे कित्येक स्वयंपाकघरांत अंडेदेखील येत नाही. अशा घरी मांजर असले तर त्याच्या वाटीत सकाळ-संध्याकाळ दूधभात पडतो. घरचे लोक तो फार प्रेमाने वाढतात. साय घालून कुस्करतात. दिवाळीत बासुंदीचे बोटही चाटवतात. मांजराला गोडाची चवच कळत नाही. ती ओळखणारा जीभेवरचा घटक त्याच्या वंशात निकामी झालेला आहे, हे २००५ सालापासून ठाऊक आहे. त्याला हवी असते ती स्निग्धता. शिवाय मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, हगवण लागते, आणि मग ‘मेले घाण करते’ म्हणून बोलणी खाण्याची पाळी त्याच्यावरच येते.

पण हगवण बरी होते. याहून वाईट आहे ते वेगळेच. टॉरीन नावाचे एक द्रव्य मांजराला पुरेसे आपल्या शरीरात तयार करता येत नाही. ते मांसमाशांत असते, भाताडाळीत नसते, दुधात नावापुरते. १९७५ साली असे दाखवून देण्यात आले, की टॉरीन न मिळालेल्या मांजराच्या डोळ्यांतला पडदा हळूहळू नष्ट होतो. १९८७ साली कळले, की त्याच उणिवेने हृदय फुगून दुबळे होते. हृदय वेळीच उपचार झाले तर सावरते. गेलेली दृष्टी परत येत नाही. डोळे मिटून दूध पिणारे म्हणून ज्याची आपण शतकानुशतके थट्टा केली, त्याचे डोळे आपल्याच दूधभाताने कायमचे मिटू शकतात.

यावर आजीबाईंचा प्रश्न येतोच, “मग आमच्या घरची मांजरे पिढ्यान्‌पिढ्या दूधभातावर कशी जगली?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की ती दूधभातावर जगलीच नाहीत. नौपाड्यात कौलारू घरे होती, मागे विहीर, आळूचे वाफे, पेरूचे झाड. माळ्यावर उंदीर, भिंतीवर पाली, अंगणात चिमण्या. मांजर रात्रभर आपल्या कमाईचे खात होते आणि सकाळी घरी येऊन तुमचा दूधभात मानाचा म्हणून चाटत होते. साहित्यिकाने सकाळची वाटी तेवढी पाहिली. रात्रीची शिकार त्याच्या झोपेत झाली. आता ती घरे पाडून इमारती आल्या, त्या इमारतीही पाडून टॉवर येत आहेत. सातव्या मजल्यावर जाळी लावलेल्या घरात मांजराला पाल मिळायचीही मारामार. दूधभात तेवढा उरला.

इथून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर चेंदणी कोळीवाडा आहे. तेथे कोळीण मासळी कापताना डोके नि आतडी बाजूला टाकते, मांजर ती उचलते, आणि कोणी कोणाचे आभार मानत नाही. तेथल्या मांजराने निबंधाचे पुस्तक वाचलेले नाही, म्हणून ते सुखी. शाकाहारी कुटुंबाने कोळीवाड्यात जाऊन राहावे असे मी म्हणत नाही. बाजारात मांजरासाठी बनवलेले तयार खाद्य मिळते, त्यात टॉरीन घातलेले असते. शिजवण्याची, चिरण्याची यातायात नाही. पातेलेही विटाळत नाही. तेवढेही करणे मनाला पटत नसेल, तर ससा पाळावा. तो गवत-पाल्यावर आनंदाने राहतो.

मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही समजूत आपल्याकडे घरोघर होती. सोने परवडत नाही म्हणून मारायचे नाही. पण नकोसे झाले तर? मग पोते. मांजर आणि तिची पिल्ले गोणपाटात घालायची आणि खाडीपलीकडे नेऊन सोडायची. सोन्याचे मांजर वाचले, हात रक्ताने भरले नाहीत, पुण्याचा हिशेब बरोबर. दीर्घकर्णाच्या चांद्रायणाहून हे व्रत कितीसे वेगळे? परक्या गल्लीत सोडलेले मांजर तिथल्या बोक्यांकडून फाडले जाते किंवा उपासाने मरते. १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने असे उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा गुन्हा आहे. घरात सून गरोदर राहिली की मांजर हमखास पोत्यात जाते. त्याच्या विष्ठेतून एक रोग पसरू शकतो हे खरे. पण ती माती दुसऱ्या कोणी रोजच्या रोज बदलली, गरोदर बाईने हात लावला नाही आणि मांजराला कच्चे मांस दिले नाही, तर घालवून देण्याचे कारण राहत नाही. आणि पिल्ले नको असतील तर शस्त्रक्रिया वेळेवर करावी. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की आई होऊ शकते आणि नऊ आठवड्यांत विते.

अलीकडच्या लेखनात मांजराची बरीच सुटका झाली आहे, पण मांजर म्हणून नव्हे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’ या लेखातला विनोद प्राण्यांपेक्षा ते पाळणाऱ्यांच्या अंगावर अधिक येतो. ते योग्यच झाले. परदेशात पाहिले तर १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या किप्लिंगने एकट्याने हिंडणाऱ्या मांजराची कथा लिहिली. त्याचे मांजर बाईशी करार करते आणि दिवसातून तीन वेळा दूध मिळवते. म्हणजे दुधाने त्यालाही सोडले नाही! जपानच्या सोसेकीने १९०५ साली एका मांजराच्या तोंडूनच कादंबरी सांगितली. त्या मांजराला नाव नाही, ते एका मास्तराच्या घरी राहते आणि मास्तराच्या विद्वत्तेविषयी त्याचे मत फारसे बरे नाही. आमच्या धंद्याच्या माणसाने ती अवश्य वाचावी. तशी मराठी कादंबरी मला हवी आहे. मराठीत तर सोयही आहे. ‘मांजर’ हा आपला शब्द नपुंसकलिंगी. ओळख होईपर्यंत ‘ते’, ओळख झाली की ‘ती मनी’ किंवा ‘तो बोका’. परकेपणापासून घरोब्यापर्यंतचा प्रवास आपल्या व्याकरणातच लिहून ठेवलेला आहे. कोकणात मांजरीला भाटी म्हणत. तो सुरेख शब्दही आपण टाकून दिला.

एक समजूत अजून तपासायची राहिली: कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर घराला. ती निम्मी खरी आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्य विद्यापीठाने मांजराच्या पिल्लांची परीक्षा घेतली. परक्या खोलीत सांभाळणारे माणूस दोन मिनिटे बाहेर जाऊन परत आले, की सुमारे ६४ टक्के पिल्ले लगेच निश्चिंत होऊन पुन्हा खेळू-हिंडू लागली. लहान मुले आईच्या बाबतीत करतात तसेच. तेव्हा माणूस लागतोच. पण घरही लागते, कारण मांजराचे घर वासाचे असते. ते गाल आणि अंग घासून भिंतींवर, दारांच्या चौकटींवर, तुमच्या पोटरीवर आपली खूण ठेवत जाते. त्याला आपण लाडीगोडी म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते घरपट्टी भरणे असते.

नौपाड्यात या वर्षीही कित्येक जुन्या इमारती रिकाम्या होत आहेत. माणसे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात, सामान टेंपोत चढते, आणि मांजर मात्र ‘ते काय, घराला धरून राहणारे’ म्हणून मागे राहते. पुढे पत्रे ठोकतात, आत हातोडे पडू लागतात, आणि ते पत्र्याखालून ये-जा करीत आपला तिसरा मजला शोधत राहते. ज्यांना न्यायचे आहे त्यांनी हलवण्याच्या आदल्या रात्रीच त्याला एका खोलीत बंद करावे. झाकणाच्या टोपलीतून न्यावे. नव्या जागी आधी एकच खोली द्यावी, आठ-पंधरा दिवस. तिथेच खाणे, पाणी आणि दूरच्या कोपऱ्यात मातीचे घमेले. खिडक्यांना जाळी आधी, मांजर मागाहून. उंचावरून पडलेले मांजर पायांवर उतरते हे खरे, पण जबडा आणि छाती फुटायची राहत नाही. फटाके चालू असतील तर पलंगाखालून ओढून काढू नये. आणि जुन्या घरातली त्याची निजायची चादर किंवा गोधडी न धुता सोबत घ्यावी. घरातल्या बायकांना हे शेवटचे मुळीच आवडत नाही.