बेटे उरलेली की वाढवलेली?

पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशाच्या आग्नेय भागात किसिदुगु नावाचा जिल्हा आहे. वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, पण तो मुख्यतः पावसाळ्यातच पडतो. पुढे कोरडा ऋतू. जिल्ह्याच्या दक्षिणेला पर्जन्यवनांचा प्रदेश, उत्तरेला उंच गवताचा सॅव्हाना. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात गवताळ माळावर ठिकठिकाणी दाट झाडीची बेटे दिसतात आणि बहुतेक बेटांच्या मध्यभागी एक गाव असते.

हे दृश्य वर्गात फळ्यावर काढून मुलांना विचारावे, की येथे पूर्वी काय असेल? बहुतेक मुले सांगतील, "सगळीकडे जंगल असणार. लोकांनी ते तोडले, जाळले. गावाभोवतीचे तेवढे उरले." आम्हीही हेच उत्तर दिले असते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ऑग्युस्त शेवालिए यांच्यासारख्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच धर्तीचे अनुमान काढले. पुढे फ्रेंच वसाहतीच्या वनखात्याने, १९५८ मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर तिथल्या सरकारने आणि नंतर परदेशी मदत देणाऱ्या संस्थांनी ते जसेच्या तसे स्वीकारले.

जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच या मानवशास्त्रज्ञांच्या 'मिसरीडिंग द आफ्रिकन लँडस्केप' (१९९६) या पुस्तकाने हे अनुमान तपासून पाहिले. आफ्रिकेचा भूप्रदेश वाचताना चूक झाली, असे हे शीर्षक सांगते. पुस्तक आता जुने झाले, तरी भूगोल व विज्ञान शिकवणाऱ्यांनी त्याची ओळख करून घ्यावी असे आम्हांला वाटते. कारण त्यात दाखवलेली चूक आजही वर्गावर्गात होते.

लेखकांची पद्धत साधी आहे. १९५२ च्या सुमारास विमानातून घेतलेली छायाचित्रे त्यांनी मिळवली आणि सुमारे चार दशकांनंतरच्या उपग्रह प्रतिमांशी ताडून पाहिली. बेटे आकसत असतील तर जुन्या छायाचित्रांत ती मोठी दिसायला हवीत. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती तेवढीच राहिली होती किंवा वाढली होती. माळावरची झाडेही अनेक ठिकाणी वाढलेली दिसली. त्याला जोड म्हणून लेखकांनी जुन्या प्रवाशांची व लष्करी अधिकाऱ्यांची वर्णने वाचली आणि किसी व कुरांको जमातींच्या वृद्धांना गावाचा इतिहास विचारला. अनेक गावांतून एकच उत्तर आले: आमच्या पूर्वजांनी वस्ती केली तेव्हा इथे गवत होते, झाडी नंतर वाढली.

गवतात जंगल वाढते कसे? या प्रदेशात झाडाच्या रोपाचा मोठा शत्रू म्हणजे कोरड्या ऋतूच्या अखेरीस पेटणारा वणवा. गावाजवळचे गवत गुरे खातात, घरे शाकारायला लोक कापून नेतात. त्यामुळे वणव्याला जळण उरत नाही. शिवाय कोरडा ऋतू सुरू होताच, गवत अजून ओलसर असताना, गावकरी कडेची पट्टी मुद्दाम जाळतात. ही आग सौम्य असते आणि पुढच्या मोठ्या आगीची वाट अडवते. राख, शेण व घरातला केरकचरा यांनी माती कसदार होते. पूर्वी लढायांच्या काळात गावाभोवती झाडांची तटबंदी करीत, त्यासाठी लावलेले पांढऱ्या सावरीचे वृक्ष पुढे प्रचंड वाढले. त्यांच्या सावलीत कोला आणि कॉफी आली. थोडक्यात, माणसे आली म्हणून जंगल आले.

मग जाणकार चुकले कुठे? जंगल आणि गवत शेजारी शेजारी दिसले. जंगल म्हणजे 'आधी' आणि गवत म्हणजे 'नंतर' असे त्यांनी धरले. जागेतला फरक त्यांनी काळातला बदल म्हणून वाचला. एका क्षणाच्या चित्रावरून बदलाची दिशा कधीच कळत नाही. अर्ध्या भरलेल्या हौदाकडे पाहून तो भरतो आहे की रिकामा होतो आहे हे सांगता येत नाही, तसेच हे. दोन वेळांची निरीक्षणे हवीत. ही विज्ञानातली पहिली पायरी, पण अनुमान ओळखीचे वाटले की तीच गाळली जाते.

याची किंमत गावकऱ्यांनी मोजली. जंगल वाचवणारी लवकरची आगसुद्धा कायद्याने गुन्हा ठरली. ज्यांनी झाडी वाढवली तेच तिचे शत्रू म्हणून नोंदले गेले.

पुस्तकात उणिवाही आहेत. भाषा जड आहे आणि एकच मुद्दा पुनःपुन्हा येतो. दोन काळांची चित्रे ताडताना ऋतू आणि चित्राचा बारकावा यांतील फरक कायम डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. वणव्यानंतरचा माळ आणि पावसानंतरचा माळ यांत झाडी वेगळीच दिसते. शिवाय वाढवलेली झाडी आणि जुने पर्जन्यवन यांतील वनस्पती व प्राणी सारखे नसतात, ही गोष्ट लेखकांनी अधिक ठळकपणे मांडायला हवी होती. सगळ्यांत मोठा धोका मात्र वाचकाकडून आहे. एका जिल्ह्याचा निष्कर्ष घेऊन 'आफ्रिकेत जंगलतोड झालीच नाही' असे म्हणणे म्हणजे जुनीच चूक उलट्या बाजूने करणे. शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये लाकूडतोड आणि कोकोची लागवड यांमुळे विसाव्या शतकात बहुतेक जंगल खरोखरच गेले.

जुनी समजूत सहज जात नाही. २०१४ मध्ये किसिदुगुला लागून असलेल्या गेकेदु जिल्ह्यातून इबोलाची साथ पसरली, तेव्हा जंगलतोड हे कारण लगेच पुढे आले. त्यात तथ्य असू शकेल. पण त्या जागी जंगल केव्हा आणि किती कमी झाले, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

वर्गासाठी यातून एक काम निघते. आपल्या परिसराचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा मिळवावा आणि आजच्या उपग्रह प्रतिमेशी ताडून पाहावा. गावातल्या वृद्धांना विचारावे, की ही राई, हा माळ, हे तळे तुमच्या लहानपणी कसे होते? कुठे झाडी घटलेली दिसेल, कुठे वाढलेलीही दिसेल. उत्तर काहीही येवो, मुलांनी ते पुस्तकातून उचललेले नसेल. आणि 'स्थानिक लोक जंगल नष्ट करतात' असे वाक्य पुढच्या वेळी समोर आले, की ती विचारतील: कोणते लोक, कोणते जंगल, आणि हे मोजले कोणी?