‘अखंड भार’ : एका संज्ञेची चिकित्सा

ज्या विद्युतभाराचा महत्तम प्रवाह ३ तास वा अधिक टिकणे अपेक्षित असते, त्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत वेगळे स्थान आहे. त्यास मराठीत ‘अखंड भार’ म्हणणे सदोष होय. हिंगोली जिल्ह्यातील अखंड हरिनाम सप्ताहाने ‘अखंड’चा अर्थ रूढ केला आहे, सायंकाळी ४ तास जळणारे दुकानातील दिवे त्यात बसत नाहीत, गणनेत मात्र बसतात. ‘खंडित’ म्हटल्यास तर वीज गेल्याचाच बोध होतो. संहितेनुसार ८ अँपिअर दीर्घकालीन व ६ अँपिअर अल्पकालीन भारास तार १४ नव्हे, किमान १६ अँपिअर क्षमतेची हवी. कारण दीर्घकालीन भार सव्वापट धरावयाचा असतो. संज्ञेने दिशाभूल केली की ही सव्वापट सुटते आणि जोडांत उष्णता साचते. सबब ‘दीर्घकालीन’ व ‘अल्पकालीन’ हीच जोडी ग्राह्य होय.