लिंग : पु./स्त्री

दवाखान्याच्या फॉर्मची समीक्षा मराठीत अजून कुणी केलेली नाही. वास्तविक इतक्या सक्तीने वाचले जाणारे वाङ्मय दुसरे नाही. शैली तुटक, निवेदक कठोर, आणि शेवटी ‘वरील परिणामांची मला पूर्ण कल्पना आहे’ म्हणून वाचकाचीच सही!

नाव, वय, पत्ता इथवर कथानक सरळ चालते. मग येते ‘लिंग’. दाढ ठणकत असताना हा शब्द वाचला की शहाण्या माणसालाही वाटते, दाढेचा आणि याचा संबंध काय? खिडकीतल्या बाईंना विचारावे, तर त्या मान वर न करता म्हणतात, “सगळ्यांनाच विचारतो.”

पण प्रश्न वायफळ नाही हो. समजा, हिमोग्लोबिन १२.५ आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने रक्तक्षयाची सीमा प्रौढ पुरुषाला १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रीला १२. म्हणजे आकडा तोच, पण सौभाग्यवती ठणठणीत आणि श्रीयुत अशक्त! मूत्रपिंडाचे काम अजमावतानाही नेहमीच्या सूत्रात क्रिएटिनिन आणि वयाबरोबर लिंग घालतात, कारण पुरुषाच्या अंगावर स्नायू सरासरीने जास्त.

तेव्हा तक्रार प्रश्नाबद्दल नाही. उत्तर कुणी वाचत नाही, ही तक्रार आहे. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ साली मंजूर झाली. नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅम, बाईला तेवढीच आणि बुवालाही तेवढीच. स्त्रीच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते, त्यामुळे सकाळी गाडी चालवायला बसावे तर गोळीचा अंमल बाकी. तिथल्या औषध प्रशासनाने स्त्रियांची मात्रा ५ वर आणायला लावली ती २०१३ साली. वीस वर्षे फॉर्मवर ‘स्त्री’ लिहून घेतले आणि मात्रा दिली पुरुषाची! त्याच प्रशासनाचा १९७७ ते १९९३ असा सल्ला होता, की मूल होऊ शकेल अशा स्त्रीला औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊच नये. तिच्या काळजीपोटीच, बरे का. आपल्याकडेही काळजीपोटी बायकांना बऱ्याच ठिकाणी घेत नसत.

आता तिसऱ्या चौकटीकडे वळू. मराठीने पलंगाला ‘तो’, खुर्चीला ‘ती’ आणि टेबलाला ‘ते’ म्हणून सगळ्या फर्निचरची सोय लावली. माणसांच्या बाबतीत मात्र तिसऱ्या पर्यायाला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळायला २०१४ साल उजाडले. मग फॉर्मवर शब्द आला ‘इतर’. हा शब्द आपण महिन्याच्या हिशेबात किरकोळ खर्चापुढे लिहितो. शिवाय रक्ताच्या रिपोर्टात पुरुषाचा आकडा छापलेला असतो, स्त्रीचा असतो, ‘इतर’चा सहसा नसतो. हार्मोनची औषधे चालू आहेत का, कुठले ऑपरेशन झाले आहे का, हे विचारले तर डॉक्टरांना उपयोग होईल. पण तेवढी जागा फॉर्मवर नसते. वडिलांच्या किंवा पतीच्या नावाला मात्र अख्खी ओळ असते.

तेव्हा समीक्षकाची शिफारस अशी, की प्रश्न ठेवावा. पण कशासाठी विचारतो, ते खाली एका ओळीत छापावे. तेवढे छापायचे म्हणजे छापणाऱ्याला आधी ते ठाऊक करून घ्यावे लागेल, हा खरा फायदा.

आणि दाढेचे काय? संबंध आहे की! एक्स-रे काढण्यापूर्वी बाई गरोदर नाही ना, हे डॉक्टरांना कळायला हवे. मग तेच विचारा ना, बाबांनो!