पाहुणे गुरुजी

परदेशी शाळांतील विद्यार्थ्यांचे गट दोन-तीन आठवडे शिकविण्यासाठी भारतात येतात. त्यांच्या यजमानांनी इव्हान इलिच यांचे १९६८ सालचे मेक्सिकोतील भाषण अवश्य वाचावे. तेव्हा धर्मगुरू असलेल्या इलिच यांनी अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना बजावले की, पाहावयास व शिकावयास या. उपकार करावयास येऊ नका. लोकांची भाषाही न जाणणाऱ्याची सेवा ही लादलेली सेवा होय, हा त्यांचा युक्तिवाद आम्हांस पटतो. परंतु भाषण पाहुण्यांस उद्देशून असल्याने यजमानाचा दोष त्यात गौण राहतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीस वर्षातून किमान २०० दिवस शाळा हवी. त्यांपैकी किती दिवस स्वागतगीतांच्या तालमीत जातात, हे आपण धर्मसेवकांनीच मोजावे. पाहुण्यांस जरूर बोलवावे; मात्र फळ्यापुढे नव्हे, मुलांशेजारी बाकावर बसवावे.