समाजमाध्यमांचे इष्ट-अनिष्ट परिणाम : राईनपाडा घटनेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

समाजमाध्यमांच्या परिणामांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यातील बरेचसे फायदे आणि तोटे अशा दोन रकान्यांत विभागलेले आढळते. एका बाजूस संपर्काची सुलभता, माहितीचा वेग, अभिव्यक्तीला मिळालेले व्यासपीठ. दुसऱ्या बाजूस अफवा, व्यसनाधीनता, खासगी जीवनावरील आक्रमण. शेवटी माध्यम हे सुरीसारखे असून सर्व काही वापरणाऱ्याच्या हाती आहे, असा निर्वाळा दिला जातो. ही मांडणी उत्तरपत्रिकेस सोयीची असली तरी तिच्यामुळे दोन प्रश्न दडून राहतात. फायदा व तोटा एकाच गुणातून उद्भवत असतील, तर त्यांची विभागणी कशी करावयाची? आणि फायदा एका समूहाच्या व तोटा दुसऱ्याच समूहाच्या वाट्याला येत असेल, तर हा जमाखर्च कोणाच्या वहीत मांडावयाचा? धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे २०१८ साली घडलेल्या हत्याकांडाचा विचार प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने केला आहे.

राईनपाड्याची घटना :

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासीबहुल गावी आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केल्याचे निमित्त झाले आणि मुले पळविणारी टोळी आल्याचा गलका उठला. जमावाने या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठार मारले. मृतांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील होते. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते. तेथे पोलिसांना त्यांचा जीव वाचविता आला.

त्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्यांविषयीचे संदेश व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होते. त्यांच्यासोबत फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसतात. ही फीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार करण्यात आली होती. तिच्या अखेरीस ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. भारतात फिरलेल्या फितीतून हा शेवटचा भाग कापलेला होता. मुलांच्या रक्षणासाठी केलेली निर्मिती माणसे मारण्यास कारण ठरली. आणि ती पुढे पाठविणाऱ्या असंख्य लोकांचा हेतूही मुलांचे रक्षण हाच होता. सुरीच्या उपमेत ही परिस्थिती बसत नाही, कारण येथे सुरी उचलल्याची जाणीवच कोणास नव्हती.

निरोपाचे प्रामाण्य :

अफवा ही समाजमाध्यमांची निर्मिती नव्हे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता मुख्यतः दूरध्वनी आणि तोंडी निरोप यांच्या आधारे एका दिवसात परदेशापर्यंत पोहोचली होती. फरक आहे तो प्रामाण्याच्या स्वरूपात. मुद्रित मजकुरावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव असावे, असे बंधन १८६७ च्या कायद्यानेच घातले होते. मजकूर खोटा निघाला तर कोणास विचारावयाचे, हे वाचकास त्यामुळे ठाऊक असे. पुढे पाठविलेल्या संदेशावर कर्त्याचे नाव नसते. आणून देणाऱ्याचे मात्र असते, आणि तो मामा, शेजारी, शाळेतील जुना सोबती किंवा स्वतः शिक्षक असतो. संदेशाची विश्वासार्हता ही अशा रीतीने नात्याची उसनी विश्वासार्हता असते. त्यामुळे राईनपाड्याचे खापर केवळ अशिक्षितपणावर फोडणे हे सुशिक्षितांच्या सोयीचे स्पष्टीकरण ठरते. प्राध्यापकांच्या गटांतही संदेश याच पतीवर चालतात.

नेमका हाच गुण इष्ट परिणामांच्याही मुळाशी आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्राणवायूचे सिलिंडर कोठे मिळेल, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, याची माहिती याच अनधिकृत, पडताळणी न झालेल्या निरोपांनी पोहोचविली. त्यातील कित्येक दूरध्वनी क्रमांक निरुपयोगी ठरत. तरीही जे उपयोगी ठरले त्यांनी प्राण वाचविले. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ च्या आदेशात, समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांवर चुकीची माहिती पसरविल्याच्या नावाखाली कारवाई करू नये, असे बजावले होते. पडताळणीवाचून विश्वास ठेवण्याची जी तयारी एका प्रसंगी खाट मिळवून देते, तीच दुसऱ्या प्रसंगी जमाव गोळा करते. ती एका रकान्यात टाकता येत नाही.

मोल कोणी मोजले? :

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. डवरी गोसावी हा महाराष्ट्रातील भटक्या जमातींपैकी एक. डौर वाजवीत, भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही त्याची परंपरागत वृत्ती. परका असूनही त्याला गावात ओळख होती ती वेषाची, वाद्याची आणि दरसालच्या फेरीची. ही रूढ ओळख मोबाइल येण्यापूर्वीच विरळ होत गेली होती. दुसरीकडे फिरस्त्याविषयीचा संशय मात्र जुनाच होता. वसाहतकालीन शासनाने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये अनेक समूहांना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण हिंडणाऱ्या माणसाकडे पोलीस आणि गावकरी ज्या नजरेने पाहत, ती नजर रद्द झाली नाही. ‘मुले पळविणारे आले आहेत’ या संदेशात कोणत्याही जातीचे नाव असण्याची गरज नव्हती. ती रिकामी जागा वाचणाऱ्याने भरली. ज्यांच्यापर्यंत संदेश पोहोचला ते माध्यमाचे वापरकर्ते होते. ज्यांचा बळी गेला ते त्या संवादाचे केवळ विषय होते. वापरकर्त्यांची पाहणी करून परिणामांचा निष्कर्ष काढणाऱ्या प्रश्नावल्यांमध्ये असा माणूस कधीच येत नाही.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा :

घटनेनंतर जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. याने वेग कमी होतो. नजर बदलत नाही. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली, तेव्हा पाचची मर्यादा लागू होऊन पावणेदोन वर्षे उलटली होती.

संदेशाचा मूळ कर्ता शोधता आला पाहिजे, ही मागणी म्हणूनच पुढे आली आणि २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत तिला स्थान मिळाले. वरकरणी ती न्याय्य वाटते. तथापि, कर्त्याचे नाव हाती असताना व्यवस्था काय करते, याचे उदाहरण पालघर येथेच नोव्हेंबर २०१२ मध्ये दिसले होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणारी एक तरुणी आणि त्या मजकुराला पसंती दर्शविणारी दुसरी, या दोघींना अटक झाली. त्यासाठी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. नावानिशी बोलणारी व्यक्ती तत्काळ सापडली. निनावी अफवेचा धनी राईनपाड्यात सापडण्यासारखा नव्हता. मूळ कर्त्याच्या शोधाने पहिल्या प्रकारच्या व्यक्तीवरील दडपण वाढेल, हे स्पष्ट आहे. दुसऱ्या प्रकारात त्याचा उपयोग किती, याविषयी मात्र शंका घेण्यास जागा आहे. कराचीच्या फितीचा मूळ कर्ता तर पूर्णपणे निर्दोषच होता.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी, राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळाव्या दिवशी, जमावहत्येसाठी स्वतंत्र गुन्ह्याची तरतूद करण्याची शिफारस संसदेस केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये अशी तरतूद आली आहे. पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा ‘तत्सम अन्य’ कारणावरून केलेली हत्या तिच्या कक्षेत येते. मूल पळविल्याचा संशय हे कारण या यादीत नाही. डवरी गोसाव्यांची हत्या त्यांच्या समुदायामुळे झाली, की केवळ ते अनोळखी होते म्हणून झाली, याचा निर्णय अशा प्रत्येक खटल्यात न्यायालयास नव्याने करावा लागेल.