छतावरचे झुंबर आणि महाराजांचे स्मित

ऐतिहासिक नाटक-चित्रपटांविषयी आपल्याकडे अधूनमधून जो वाद पेट घेतो, त्यास विनोदी वळण लागण्यास फार काळ जावा लागत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महेश मांजरेकर यांच्या 'वेडात मराठे वीर दौडले सात' या चित्रपटातील छत्रपतींचे प्रथम दर्शन घडविण्यात आले, आणि प्रेक्षकांची दृष्टी नायकास सोडून थेट छताकडे गेली. तेथे झुंबर होते आणि झुंबरात विजेचे दिवे होते! महाराजांचे निर्वाण १६८० चे, एडिसनचा दिवा १८७९ चा. दोन शतकांचे हे अंतर एका बटणासरशी ओलांडले गेले, यावर महाराष्ट्र पोटभर हसला. मग टीकाकार नायकाकडे वळले. अक्षय कुमार यांचे वय तेव्हा पंचावन्न. नेसरीच्या रणप्रसंगी महाराज अवघे चव्वेचाळीस वर्षांचे. पंचांग व फूटपट्टी घेऊन बसलेल्या या परीक्षकांची आम्हांस गंमत वाटली. पण त्यांनी जे मोजले त्यापेक्षा न मोजलेले अधिक महत्त्वाचे आहे, असे आमचे मत आहे.

वयाचीच गोष्ट घ्या. बाबूराव पेंटर यांच्या 'सिंहगड' या १९२३ च्या मूकपटात वृद्ध शेलारमामांची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली, तेव्हा त्यांचे वय बावीसच्या आतबाहेर होते. याच चित्रपटात पेंटरांनी चित्रणासाठी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. म्हणजे तानाजीच्या पराक्रमावर कृत्रिम प्रकाश पूर्वीच पडला होता. तो चौकटीबाहेर राहिला, एवढेच. रंगभूमीवर तर याहून मोठा करार प्रेक्षकांनी आनंदाने मान्य केला होता. बालगंधर्वांची रुक्मिणी किंवा आमच्या शेजारच्या कुंदगोळचे सवाई गंधर्व यांची सुभद्रा पाहताना, हा पुरुष आहे, अशी हरकत कोण घेई? सोंगाचा प्राण वठला की बाकीचे प्रेक्षक स्वतःच्या पदरचे भरून घेतो.

तेव्हा प्रश्न आहे तो प्राणाचा. १६६४ च्या जानेवारीत सुरतेहून एस्कालिओ नामक इंग्रज धर्मोपदेशकाने लिहिलेल्या पत्रात, महाराजांस पाहिलेल्या लोकांकडून ऐकलेले त्यांचे वर्णन आहे. उंची बेताची, बांधा ताठ व प्रमाणबद्ध, नजर तीक्ष्ण, आणि बोलू लागले की मुद्रेवर हसू उमटल्यासारखे वाटे! हे वाचून पडद्यावरचे व रंगमंचावरचे महाराज आम्ही एकेक करून आठवू लागलो. उंच आहेत, भव्य आहेत, गर्जना करणारे तर सर्वच आहेत. स्मित करीत बोलणारे विरळा. आमच्या केशवापुरातील शाळेच्या संमेलनातही ही भूमिका ज्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो त्या मुलाकडे जाते, आणि तो पहिल्या वाक्यापासून ओरडतो. कारण महाराज ओरडत असत हे त्याने चित्रपटात पाहिलेले असते. मराठी घरातील परंतु कन्नड मुलखात वाढणाऱ्या या मुलांचा इतिहास पुष्कळसा पडद्यावरूनच येतो. ज्यांचे शस्त्र धीर, हिशेब व माणसांची पारख हे होते, त्यांचा केवळ संताप त्यांच्या हाती उरावा, ही झुंबरापेक्षा मोठी चूक आहे.

भाषेकडेही कोणी पाहत नाही. शिवकालीन पत्रांतील मराठी फारसी शब्दांनी गजबजलेली आहे. म्हणून तर महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. असे असता नाटकातील १६६० चा मावळाही संस्कृतप्रचुर, विसाव्या शतकातील व्याख्यानमालेस शोभेल अशी मराठी बोलतो. हाही विजेचाच दिवा! तो मात्र कोणाच्या डोळ्यांस खुपत नाही. ('बाजीराव मस्तानी'तील पिंगा अथवा 'छावा'तील लेझीम यांवरून २०१५ व २०२५ मध्ये जो कल्लोळ झाला, त्यात भावनेचा भाग मोठा होता; त्यात आम्ही शिरत नाही.)

आणि ज्या कथेसाठी ते झुंबर टांगले गेले, ती कथा किती वेगळ्या उजेडाची आहे! १६७३ मध्ये मराठ्यांनी आमची हुबळीची पेठ लुटली, तीत इंग्रजांची वखारही सापडली. त्याच वर्षी उमराणीस प्रतापराव गुजरांनी बहलोलखानास कोंडून सोडून दिले. महाराजांचा ठपका आला, आणि तो जिव्हारी लागलेला सेनापती २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडला. येथे नाट्य तलवारीत थोडे आणि धन्याच्या शब्दात अधिक आहे. तो ठपका गर्जून दिला तर प्रतापरावांचे मरण रागाचे उत्तर ठरते. शांतपणे दिला तर ते लाजेचे ठरते. नट निवडताना हा स्वर ज्याला साधेल तो निवडावा. त्याचे वय व नाक मागाहून पाहावे.

समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारात प्रतापरावांबरोबर सहा स्वार होते एवढेच येते. त्यांची नावे परंपरेने सांगितली आहेत, आणि त्यांत एक सिद्दी हिलाल आहे. आमच्या हुबळीहून बेळगाव ओलांडले की नेसरी फारशी दूर नाही. त्या खिंडीत मराठ्यांच्या सेनापतीबरोबर हा सिद्दी का दौडला असेल, याचा विचार एखाद्या नाटककाराने अवश्य करावा. त्याच्या भूमिकेस कोणता नट शोभेल, यावर मात्र वाद झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.